नागपुरात लिहिलेला समुद्र

आमच्या ऑफिसात कागद साचत नाहीत. झाडे सर दर शनिवारी रद्दीवाल्याला बोलावतात आणि गावंच्या गावं किलोवर देऊन टाकतात. साचतात ते किस्से. ते रद्दीवाला घेत नाही, म्हणून मित्रमैत्रिणी चहाला आल्या की मी त्यांच्या गळ्यात मारते. "काहीही सांगू नकोस," असं प्रत्येकजण एकदा तरी म्हणतो. पहिले सहा महिने मीही रोज मनात हेच म्हणत होते.

आधी ऑफिस काय करतं ते सांगते. नागपुरात हुडकेश्वरला टाइल्सच्या दुकानावर दोन खोल्या आहेत. तिथे गावांचे इतिहास तयार होतात. एखाद्या नगरपंचायतीचा महोत्सव आला की तिथले लोक झाडे सरांना फोन करतात आणि सर तीन महिन्यांत गुळगुळीत कागदाचा, सोनेरी अक्षरांचा जाड इतिहास हातात ठेवतात. माणसं चार. झाडे सर मालक, पूर्वीचे शाळामास्तर. ढकाते काका कॉम्प्युटरवर मजकूर लावतात. ते उमरेडच्या विणकर घरातले, माग बंद झाले तेव्हा की-बोर्डवर आले. मेश्राम मॅडम प्रुफं वाचतात आणि फोन घेतात. "जय भीम, बोला," एवढ्या तीन शब्दांत समोरच्याची अर्धी तक्रार संपते. चौथी मी.

इतिहास शिकायला मी फार लांब गेले होते. परत आले ती एकच गोष्ट डोक्यात घेऊन, ज्यांची कुठे नोंद नाही त्यांचा इतिहास लिहायचा. आई म्हणाली, "नागपुरात असं काम कोण देतं?" तेवढ्यात जाहिरात दिसली, 'इतिहास लिहिणारे पाहिजेत.' मी धावतच गेले.

पहिल्या दिवशी मी सरांना विचारलं, "सर, आपली साधनं कोणती?"

सरांनी कपाटातून एक फाइल काढली. वर लिहिलं होतं, 'नमुना'. आत एक अख्खा इतिहास होता आणि त्यात मोकळ्या जागा होत्या. गाव, नदी, ग्रामदैवत, साहेब.

"चार जागा भरायच्या," सर म्हणाले. "बाकी इतिहास तयार आहे."

मी फाइल पुढून मागून चाळली. ते म्हणाले, "तुम्ही शिकलेली मुलं इतिहास लिहीत बसता. आम्ही वेळेवर देतो."

* * *

त्याच महिन्यात कोकणातलं काम आलं. मांडवेळ नावाचं समुद्रकाठचं छोटं गाव, नुकतीच झालेली नगरपंचायत. तिथल्या नगराध्यक्षांचे व्याही नागपूरचे, त्यांनी सरांचं नाव सुचवलं. आमच्या ऑफिसात समुद्र पाहिलेली मी एकटी. तोही परदेशातला, थंडगार, ज्यात कोणी पाय घालत नाही असा.

काकांनी नेहमीच्या पद्धतीने काम केलं. कन्हान नदीकाठच्या एका गावाचा इतिहास उघडला, गावाचं नाव बदललं आणि जिथे जिथे 'नदी' होती तिथे 'समुद्र' करून टाकलं. एका बटणात. मग लिंग, वचन हाताने नीट केलं, त्यात ते फार काटेकोर आहेत.

मी पान अकरा वाचलं आणि खुर्चीत बसले.

'समुद्राला पावसाळ्यात पूर येतो. उन्हाळ्यात तो आटतो आणि कोरड्या पात्रात टरबुजाच्या वाड्या लागतात. मांडवेळची टरबुजे पंचक्रोशीत प्रसिद्ध आहेत. पलीकडच्या काठावरची मुले डोंग्यातून शाळेत येतात.'

"काका, समुद्र आटत नाही."

"काहून वं? पाण्याचाच होय ना?"

"आणि पलीकडचा काठ म्हणजे अरबस्तान आहे."

काकांनी चष्मा वर केला. "मग डोंगा मोठा लागन."

मी फाइल घेऊन सरांकडे पळाले, तर मसुदा आदल्याच दिवशी मांडवेळला गेला होता. आठ दिवस मला जेवण गोड लागलं नाही. आता आपली अब्रू जाणार, काम जाणार, असं वाटत होतं. नवव्या दिवशी पार्सल आलं. प्रत्येक पानावर नगराध्यक्षांची सही होती. लाल पेनाने एकच दुरुस्ती. पान तीनवर त्यांच्या नावाआधी 'लोकनेते' राहून गेलं होतं.

"पाहा," सर म्हणाले, "किती बारकाईनं वाचलं त्यांनी."

मला राहवेना. मी महोत्सव समितीच्या सचिवांना फोन केला आणि विचारलं, साहेबांनी खरंच वाचलं का? माणूस सरळ होता. म्हणाला, "साहेब अनुक्रमणिका बघतात आणि फोटो बघतात. मधल्या मजकुराबाबत तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे."

* * *

टरबुजं मी काढली. पण मग दोन दिवस तापाने घरी होते, तेवढ्यात देवळाचं झालं.

सरांनी माझ्या सांगण्यावरून मांडवेळच्या दोन म्हाताऱ्यांच्या मुलाखती फोनवर घेतल्या होत्या. एकाने सांगितलं, देवीचं देऊळ वाळूत आहे, आम्ही चालत जातो. दुसऱ्याने सांगितलं, देऊळ पाण्यात आहे, होडीशिवाय जाता येत नाही. सरांनी विचार केला आणि लिहिलं, 'गावात देवीची दोन देवळे आहेत, एक वाळूतील व एक पाण्यातील.' दोन्ही देवळांना त्यांनी वेगवेगळी आख्यायिकाही दिली. पाण्यातली देवी रुसलेली, वाळूतली शांत.

मी आल्यावर समजावून सांगितलं. देऊळ एकच. भरती असली की पाण्यात, ओहोटी असली की वाळूत.

काकांनी की-बोर्डवरचे हात काढले.

"रोज?" काकांनी विचारलं.

"रोज दोनदा."

"दिवसातून दोनदा एवढं पाणी येते अन् जाते?" काका खरोखर हादरले होते. "कोण सोडते ते? आपल्या पेंच धरणासारखं वरून सोडते का कोणी?"

मेश्राम मॅडम प्रुफावरून मान न काढता म्हणाल्या, "ढकाते भाऊ, वरून कोणी काही सोडत असतं तर आपल्या नळाले आलं नसतं का?"

यावर काकांचं समाधान झालं. माझं आजवर झालेलं नाही. चंद्राची गोष्ट मी नंतर सांगितली, ती कोणालाच पटली नाही.

* * *

शेवटी सरांनी मला दोन दिवसांसाठी मांडवेळला पाठवलं. "जाऊन ये एकदा. तुझं समाधान होऊ दे. पण नवं काही शोधून आणू नको, पानं ठरलेली आहेत."

गावाच्या टोकाला जुनी मिठागरं आहेत आणि त्यांना लागून मिठवाडी. तीस-चाळीस बैठी घरं. तिथल्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या मीठ पिकवलं. आता मिठागरं बंद आहेत, पण घरं आहेत, माणसं आहेत. प्रत्येक दारावर नगरपंचायतीची नोटीस चिकटवलेली. समुद्रकाठाने फिरायला रुंद फरसबंदी रस्ता होणार आहे, म्हणून वस्ती हलवायची.

इंदूआक्का तिथली सगळ्यांत म्हातारी बाई. तिने मला बसायला पाट दिला आणि नोटीस वाचायला दिली. "वाच गो बाय. आमच्यात सगळे वाचतात, पण तुझ्या तोंडून ऐकू दे."

मी मोठ्याने वाचू लागले. सदर वस्ती अलीकडची असून तिला ऐतिहासिक आधार नाही. पुढचं वाक्य माझ्या तोंडून निघेना. ते मी मनात तीनदा वाचलं. 'नगरपंचायतीतर्फे प्रकाशित होत असलेल्या मांडवेळच्या इतिहासग्रंथाच्या मसुद्यातही सदर वस्तीचा उल्लेख आढळत नाही.'

आमचा मसुदा. ज्यात समुद्र आटत होता आणि टरबुजं लागत होती. कन्हानकाठच्या त्या गावात मिठागर नव्हतं, म्हणून मांडवेळच्या इतिहासात मिठवाडी नव्हती. आणि आता तोच पुरावा होता.

"का थांबलीस?" आक्काने विचारलं.

मी सांगितलं, हे पुस्तक आम्ही करतो. मला वाटलं ती उठवून लावेल. ती म्हणाली, "मग बरंच झालं. महोत्सव झाल्यावर सोमवारी सुनावणी हाय. वकील म्हणतो, गावाच्याच पुस्तकात तुमचं नाव छापून आलं तर त्यांना तोंड न्हाय. तू घाल आमचं नाव."

मी शब्द दिला. असे शब्द देताना माझ्या मनात कधी शंका येत नाही, हा माझा जुना दोष आहे.

* * *

परत आले आणि सरांपुढे सगळं ओतलं. इतकी भांडले की खालून टाइल्सवाला काय झालं म्हणून विचारायला आला.

सर शांतपणे म्हणाले, "पोरी, आपण कोर्ट नाही."

"पण सर, पुरावा आपलाच आहे."

त्यांनी पानांचा हिशेब काढला. मग म्हणाले, "आठ पानं देतो. एक जास्त नाही."

आठ पानांचा मजकूर हवा होता. आक्काकडे कागद एकही नव्हता. पण मिठवाडीची एक पद्धत होती. हंगामाचं पहिलं मीठ वर आलं की वस्तीतली थोरली बाई मिठागराच्या बांधावर उभी राहायची आणि आजवर तिथे राबलेल्या बायकांची नावं घ्यायची, अगदी पहिलीपासून. मग मिठाला हात लावायचा. आक्काला ती सगळी पाठ होती. तिने फोन केला, मेश्राम मॅडमनी घेतला.

"जय भीम, बोला."

"लिवून घे गो बाय. गंगू. आंधळी व्हती. तिची सून जनी. जनीच्या दोन मुली, थोरली सोनू, धाकटी सोनू."

मॅडमचा पेन थांबला. "दोघी सोनू कशा?"

"थोरली मिठागरातच गेली, पान लागून, म्हंजे साप चावून. मागून झाली तिचं तेच नाव ठेवलं."

मॅडम लिहीत राहिल्या. त्यांचा जेवणाचा डबा उघडा पडला होता, काकांनी त्यावर झाकण ठेवलं. मधूनच मॅडम विचारत, "ही कोणाची?" आणि पुढे लिहीत. माझं शिक्षण, माझी सगळी पुस्तकं, मुलाखत कशी घ्यावी यावरचे माझे वर्ग, सगळं मी त्या टेबलाच्या कडेला उभी राहून विसरले.

फोन ठेवल्यावर काका हळूच म्हणाले, "मॅडम, मीठ पिकते का खरंच? मले वाटे खाणीतून काढते."

"पिकते म्हणे," मॅडम म्हणाल्या. "अन् ढकाते भाऊ, माह्या आजीचं नाव सांगता येते मले. तिच्या आईचं नाई सांगता येत. या बाईले सांगता येते."

* * *

प्रकरण झालं. 'मिठवाडी : मिठात उभ्या राहिलेल्या बायका'. मी ते रडत लिहिलं, हे कबूल करते. आठ पानं आणि नवी अनुक्रमणिका मांडवेळला गेली आणि दुसऱ्याच दिवशी सचिवांचा निरोप आला, 'पान ७४ ते ८१ वगळणे. साहेबांचा आदेश.'

मी फोन लावला. "तुम्ही तर म्हणाला होता, मजकूर कोणी वाचत नाही."

"मजकूर नाहीच वाचला, मॅडम," तो अगदी मनापासून म्हणाला. "अनुक्रमणिकेत मिठवाडी दिसली ना."

मी सरांना सांगितलं, पानं काढलीत तर मी राजीनामा देईन. सर म्हणाले, दे. मी दिला. त्यांनी तो वाचला, तीन ठिकाणी खुणा केल्या आणि परत केला. "परिच्छेद फार मोठे आहेत. आणि खाली तारीख नाही. नीट करून आण."

मी तो नीट करून आणला. मला अजून कळत नाही, मी तो नीट का केला. सरांनी फाइलला लावला आणि म्हणाले, "मंजूर. पण नोटीसचा महिना भरावा लागेल, आणि पुस्तक त्याच महिन्यात आहे." तो महिना अजून भरलेला नाही.

काकांनी आठ पानं उडवली. माझ्याकडे पाठ करून उडवली. मी आक्काला फोन करून सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "बरं."

* * *

प्रकाशन मांडवेळलाच होतं. पुस्तकांची खोकी घेऊन सर, काका, मॅडम आणि मी असे चौघं निघालो. दोन रेल्वेगाड्या आणि एक एसटी. काकांनी वाटेत सतरा वेळा विचारलं, दिसेल का आता.

आम्ही पोहोचलो तेव्हा नेमकी ओहोटी होती. पाणी लांब, पार क्षितिजाजवळ एक पांढरी रेघ. समोर मैलभर चिखल आणि वाळू. त्यात एक बाई टोपली घेऊन शिंपले वेचत होती.

काका काठावर उभे राहिले. खूप वेळ पाहिलं. मग माझ्याकडे वळून अत्यंत दुखावलेल्या आवाजात म्हणाले,

"आटला ना वं. मी लिहिलं तर हासून राहिली होती."

* * *

आता शेवटचा किस्सा.

मेश्राम मॅडमचं एक काम मी अजून सांगितलेलं नाही. प्रत्येक ग्रंथाच्या सुरुवातीला अध्यक्षांचं मनोगत असतं आणि ते मॅडम लिहितात. 'मी या मातीत वाढलो' पासून खालच्या 'आपला नम्र' पर्यंत. आजवर किती तरी गावांच्या मातीत मॅडम वाढल्या आहेत. साहेब लोक सही करतात आणि एक हसरा फोटो पाठवतात. अनुक्रमणिकेत ते 'मनोगत' एवढंच असतं.

मंडप शाळेच्या मैदानावर होता. पुढे सोफे, मागे खुर्च्या, त्यांच्या मागे मिठवाडीच्या बायका उभ्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. इंदूआक्का खांबाला टेकली होती. तिने मला पाहिलं, पण हाक मारली नाही. मी मान खाली घातली. सुनावणी परवावर आली होती आणि पुस्तकात त्यांची आठ पानं नव्हती.

फीत सुटली, टाळ्या झाल्या. निवेदकाने सांगितलं, आता साहेब आपलं मनोगत व्यक्त करतील. नगराध्यक्ष उठले. ते कागदाशिवाय बोलत नाहीत, आणि मनोगत तर पुस्तकात तयारच होतं. त्यांनी एक प्रत उघडली, चष्मा लावला, माइक जवळ ओढला.

आवाज भारदस्त होता. "मी या मातीत वाढलो. या वाऱ्याला मिठाचा वास आहे. आज या गावाचा प्रमुख म्हणून एक गोष्ट सांगणं मी माझं कर्तव्य समजतो. मांडवेळचं पहिलं मीठ मिठवाडीने पिकवलं. मिठवाडी गावाइतकीच जुनी आहे."

मागून टाळी पडली. एक, मग खूप. साहेबांनी मान वर करून हात जोडले. टाळी मिळाली की त्यांचा आवाज चढतो, हे नंतर सचिवांनीच सांगितलं. सचिव तेव्हा अर्धवट उठून उभे होते आणि बसावं की नाही हे त्यांना समजत नव्हतं.

मी शेजारी पाहिलं. मेश्राम मॅडम हातातल्या रुमालाची घडी घालत होत्या. त्यांच्या पलीकडे काका सरळ समोर बघत होते. झाडे सरांनी डोळे मिटले होते.

"ज्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या मिठात उभं राहून हे गाव उभं केलं, त्यांची नावं घेतल्याशिवाय माझ्या गावाचा इतिहास सुरू होऊ शकत नाही." साहेबांनी पान उलटलं. "गंगू. गंगूची सून जनी. जनीच्या मुली, थोरली सोनू, धाकटी सोनू."

मागे एकेक फोन वर येऊ लागला. बायका चित्रीकरण करत होत्या. सोफ्यावरच्या मंडळींनाही वाटलं काहीतरी मोठं चाललंय, तीही टाळ्या वाजवू लागली. साहेबांच्या कपाळावर घाम आला होता, पण नावांच्या मध्ये कोणी थांबू शकत नाही. ते वाचत गेले. सखू. भागी. दुसरी गंगू. चंद्री. आवाज आता भाषणाचा राहिला नव्हता. शाळेत हजेरी घेतात तसा झाला होता, सावकाश, प्रत्येक नावानंतर थोडा थांबणारा.

नावं संपली. त्यांनी पुस्तक मिटलं.

खांबाजवळून आक्का म्हणाली, "एक ऱ्हायली."

सगळा मंडप वळला. साहेबांनी पुस्तक पुन्हा उघडलं, पानावरून बोट फिरवलं. माइक चालूच होता.

"कोण राहिली?"

"इंदू," आक्का म्हणाली. "अजून हाय. इथंच."

साहेबांनी पानाकडे पाहिलं, सचिवांकडे पाहिलं, मग समोर वर आलेल्या त्या सगळ्या फोनांकडे पाहिलं. माइकवर हात ठेवला. पुन्हा काढला.

"इंदू," ते म्हणाले. "अजून आहे. इथेच."